घर आणि शेजार: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

एका छपराखाली किंवा एका जिन्यावर राहणाऱ्यांची भांडणं बहुधा किरकोळ गोष्टींवरून पेटतात. ओला टॉवेल, उघडं राहिलेलं फाटक, रात्री अकराला सरकवलेली खुर्ची. खोदून पाहिलं तर बऱ्याचदा असं निघतं, की हे काम कोणाचं आणि हा नियम कोणी केला, हे कधी बोललंच गेलं नव्हतं. खालचे प्रश्न याच वळणाचे आहेत. झोप, गळती, आग असे काही मात्र निव्वळ माहितीचे आहेत.

घरात सगळं मीच करते, असं मला वाटतं. नवऱ्यालाही स्वतःबद्दल तसंच वाटतं. खरं कोणाचं?

दोघंही मनापासून खरं बोलत असतात, पण हिशेब जुळत नाही. मायकेल रॉस आणि फिओर सिकोली या मानसशास्त्रज्ञांनी १९७९ मध्ये जोडप्यांना वेगवेगळं बसवून विचारलं, की घरातल्या अमुक कामात तुमचा वाटा किती? दोघांच्या उत्तरांची बेरीज केली, तर बहुतेक कामांत ती शंभर टक्क्यांच्या वर गेली. यात लबाडी नव्हती. स्वतः केलेलं काम चटकन आठवतं, दुसऱ्यानं केलेलं आपण पाहिलेलंच नसतं. गंमत म्हणजे भांडण उकरून काढण्यासारख्या गोष्टींतही लोकांनी स्वतःचा वाटा जास्तच सांगितला होता.

म्हणून ‘कोण जास्त करतं’ हा वाद तोंडी घालू नका, त्याला शेवट नसतो. एक आठवडा फ्रिजवर कागद लावा आणि जो जे करेल त्यानं ते लिहावं. बिल भरलं, शाळेचा फॉर्म भरला, गॅस संपल्याचं लक्षात ठेवून कळवलं, हेही लिहायचं. आठवड्याच्या शेवटी कागद वाचताना बहुतेक घरांत थोडा वेळ शांतता पसरते. मग वाटणीचं बोला.

वाटणी करताना कामाचे तुकडे करू नका. ‘तू कपडे मशीनला लाव, मी वाळत घालते, घड्या तो घालेल’ असं केलं की कपडे दोन दिवस मशीनमध्ये कुबट होतात, कारण तिघांनाही आपला भाग झाल्यासारखा वाटतो. कपडे म्हणजे मळक्या टोपलीपासून कपाटापर्यंत सगळं एकाचं. ते काम तो कधी आणि कसं करतो यात मग नाक खुपसायचं नाही. हे दुसरं कलम पाळणं पहिल्यापेक्षा अवघड जातं. टॉवेलची घडी वाकडी पडली म्हणून ती उलगडून पुन्हा घालणाऱ्या माणसाकडे महिनाभरात सगळं काम परत येतं.

‘मला फक्त सांग, मी करतो’ असं म्हणणारा माणूस मदतच करतोय ना?

हाताची मदत करतोय, डोक्याची नाही. ॲलिसन डॅमिंजर या समाजशास्त्रज्ञेनं २०१९ मध्ये घरातल्या या न दिसणाऱ्या कामाचे चार भाग मांडले. गरज आधी ओळखणं, पर्याय शोधणं, निर्णय घेणं आणि काम झालं की नाही यावर लक्ष ठेवणं. तिनं अभ्यासलेल्या जोडप्यांत निर्णय बऱ्यापैकी दोघं मिळून घेत होती. पण गरज ओळखण्याचा आणि लक्ष ठेवण्याचा भार जास्त करून बायकांवर होता.

मुलाला लस द्यायला दवाखान्यात नेणं अर्ध्या तासाचं काम आहे. पण लस कधी आहे हे लक्षात ठेवणं, वेळ घेणं, त्या दिवशी शाळेला कळवणं आणि रात्री ताप बघणं हे आठवडाभर डोक्यात फिरत राहतं. ‘सांग, मी करतो’ म्हणणाऱ्याला यातला तो अर्धा तासच दिसतो. उपाय वरचाच आहे: आख्खा विषय द्या. मुलाचं आरोग्य म्हणजे फाईल, तारखा, डॉक्टरांचा नंबर, सगळं त्याच्याकडे. पहिल्या महिन्यात एखादी तारीख चुकेल. जिवावर बेतणारी नसेल तर चुकू द्या.

मुलांना घरकाम कधीपासून द्यावं?

तीन वर्षांचं मूल खेळणी टोपलीत टाकू शकतं, पाच-सहा वर्षांचं स्वतःचं ताट उचलतं, दहा वर्षांचं अंथरूण आवरतं आणि कचरा वेगळा करतं. चौदाव्या वर्षापर्यंत एक साधं जेवण करता यावं, मुलगा असो की मुलगी. रोजच्या कामाला पैसे देऊ नयेत असं माझं मत. पैसे दिले की एखाद्या दिवशी मूल ‘आज मला पैसे नकोत’ म्हणून मोकळं होतं, आणि त्याचं म्हणणं बिनचूक असतं. खिडक्या पुसण्यासारखं जास्तीचं काम असेल तर जरूर द्या.

भावंडं प्रत्येक गोष्टीच्या वाटणीवरून भांडतात. न्यायाधीश किती वेळा व्हायचं?

एकदाही होऊ नका. दोघं असतील तर एकानं वाटे करायचे आणि दुसऱ्यानं आधी उचलायचं. वाटे करणारा मिलिमीटर मोजून करतो, कारण उरलेलं त्याच्या पदरात येणार असतं. ही युक्ती खाऊपासून खोलीतल्या कपाटापर्यंत सगळीकडे चालते. पुढे मोठेपणी आईवडिलांच्या घरातल्या सामानाची वाटणी करायची वेळ येते तेव्हाही चालते.

वस्तू एकेक करून उचलायच्या असतील तर क्रम बदला. ताई, दादा, ताई, दादा असा क्रम ठेवला तर ताई प्रत्येक फेरीत पुढेच राहते. ताई, दादा, दादा, ताई असा ठेवला तर तो फायदा बराच कमी होतो. मुलांना हे गणित फार आवडतं. थोड्याच दिवसांत ती तुम्हाला त्यातल्या खोडी दाखवतील.

मुलांच्या झोपेवरून आणि मोबाइलवरून रोज तंटा होतो. नेमकं किती योग्य?

जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ मध्ये पाच वर्षांखालील मुलांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. दोन वर्षं पूर्ण होईपर्यंत बैठा स्क्रीन नकोच, त्यानंतर पाच वर्षांपर्यंत दिवसाला जास्तीत जास्त एक तास, आणि त्याहून कमी असेल तर बरंच. ३ ते ४ वर्षांच्या मुलाला दुपारची डुलकी धरून १० ते १३ तास झोप लागते. त्यापुढे झोपतज्ज्ञ ६ ते १२ वर्षांच्या मुलांना ९ ते १२ तास आणि १३ ते १८ वर्षांच्या मुलांना ८ ते १० तास सांगतात.

वयात येणारी मुलं उशिरा झोपतात ती केवळ हट्टानं नाही. या वयात झोप आणणारं मेलाटोनिन हे संप्रेरक शरीरात उशिरा तयार व्हायला लागतं. दहाला त्यांना खरोखरच झोप येत नाही. त्याच वेळी हातात मोबाइल असला की बारा वाजतात. त्यामुळे झोपेवर वाद घालण्यापेक्षा चार्जर हलवा. सगळ्यांचे फोन रात्री बैठकीच्या खोलीत एकाच जागी चार्ज होतील, असा नियम करा. सगळ्यांचे म्हणजे तुमचाही. आईबाबांचा फोन उशाशी आणि मुलांचा बाहेर, हा नियम चार दिवसही टिकत नाही.

सासऱ्यांचा तोल जातो, पण काठी धरायला ते तयार नाहीत. काय करावं?

काठीचा विषय थोडा बाजूला ठेवा आणि घर बदला. बाथरूममध्ये संडासाशेजारी आणि नळाजवळ भिंतीत पक्के केलेले धरायचे दांडे बसवा. टॉवेल टांगायची दांडी त्या कामाची नाही, ती माणसाच्या वजनानं निखळते. सुटी पायपुसणी आणि कडा वर आलेले गालिचे काढून टाका. पलंगापासून बाथरूमपर्यंत रात्रभर मंद दिवा ठेवा, कारण रात्री लघवीला उठताना पडायची भीती जास्त असते. झोपेतून उठल्यावर एकदम उभं राहू नये. मिनिटभर पलंगाच्या कडेला पाय सोडून बसावं, कारण वय वाढलं की उभं राहताना रक्तदाब चटकन सावरत नाही. रक्तदाबाच्या आणि झोपेच्या गोळ्यांमुळेही तोल जातो. म्हणून चालू असलेली सगळी औषधं एका कागदावर लिहून डॉक्टरांना दाखवा. वेगवेगळ्या डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्या एकत्र पाहायला अनेकदा कोणीच नसतं.

‘बाबा, तुमच्यासाठी दांडे लावतोय’ असं म्हणालात की ते नको म्हणतील. ‘बाथरूम दुरुस्तीला काढलंय, दांडे कुठे लावू?’ असं विचारलंत तर जागा ते स्वतः दाखवतील.

आणखी एक गोष्ट घरातल्या प्रत्येकाला माहीत हवी. चेहरा एका बाजूला ओघळला, एक हात उचलता येईना किंवा बोलणं अडखळायला लागलं, तर ‘थोडं पडून राहा’ म्हणू नका. पक्षाघातात रक्ताची गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देता येतं, आणि जितकं लवकर तितकं चांगलं. म्हणून लक्षणं किती वाजता सुरू झाली ते घड्याळात बघून ठेवा. रुग्णालयात पहिल्यांदा विचारतात त्या प्रश्नांपैकी तो एक असतो.

दोघंही कमावतो. घरखर्च निम्मा-निम्मा करावा का?

कमाई सारखी असेल तर करा. एकाची कमाई दुसऱ्याच्या दीडपट असेल तर निम्म्या वाटणीत कमी कमावणाऱ्याच्या हाती बरंच कमी उरतं. तेव्हा खर्चही ३ ला २ या प्रमाणात वाटा. घर सांभाळण्यासाठी एकानं नोकरी सोडली असेल, तर आलेला पैसा दोघांचा. ‘तुला खर्चाला किती देऊ’ हा प्रश्नच मग चुकीचा ठरतो.

मात्र प्रत्येकाकडे थोडी रक्कम अशी असावी जिचा हिशेब कोणी विचारणार नाही, आणि एक आकडा ठरवून ठेवावा ज्याच्या वरची खरेदी दोघांना विचारूनच होईल. नातेवाइकांना उसने दिलेले पैसेही याच आकड्यात धरा. नवरा-बायकोत पैशांवरून होणाऱ्या भांडणांत रक्कम लहान आणि ‘मला विचारलं नाहीस’ हे मोठं असतं.

वरच्या मजल्यावरून सतत धडधड ऐकू येते. बोलायला गेलं की ‘आम्ही तर काहीच करत नाही’ असं उत्तर मिळतं.

बहुधा ते खोटं बोलत नसतात. आवाज दोन वाटांनी येतो. बोलणं आणि टीव्ही हवेतून येतात, भिंत जाड असली की कमी होतात. पावलं, खुर्चीचे पाय, मुलांच्या उड्या यांचा धक्का थेट स्लॅबला बसतो आणि तो काँक्रीटमधून खालच्या खोलीत उतरतो. वरच्यांना आपल्या पावलांचा आवाज जवळपास ऐकूच येत नाही. म्हणून त्यांना एकदा तुमच्या घरी बोलवा आणि त्यांच्या मुलाला वर चालायला सांगा. दहा वेळा तक्रार करून होत नाही ते या पाच मिनिटांत होतं.

धक्क्याचा आवाज जिथे निर्माण होतो तिथेच थांबवणं स्वस्त पडतं. खुर्च्या-टेबलांच्या पायांना नमद्याच्या किंवा रबराच्या चकत्या, मुलं खेळतात तिथे जाड सतरंजी, वॉशिंग मशीनखाली रबरी पट्टा. खालच्यानं छताला थर्मोकोल चिकटवून काही साधत नाही, थर्मोकोल ध्वनी अडवत नाही. स्पीकरचा बास ही वेगळी डोकेदुखी. खालच्या पट्टीतला आवाज भिंतीतून सहज पार होतो, त्यामुळे शेजारी गाणं ऐकू येत नाही, नुसता ठोका येतो. स्पीकर जमिनीवरून आणि सामाईक भिंतीपासून हलवा, बास कमी करा. आवाज १० डेसिबलनं उतरला की कानाला तो साधारण निम्मा वाटतो, इतकं झालं तरी बहुतेक शेजारी खूश होतात.

बोलायला जाताना आवाज चालू असताना जाऊ नका. तेव्हा तुम्ही चिडलेले असता. दुसऱ्या दिवशी जा आणि नेमकं सांगा: ‘रात्री अकरानंतर हॉलमधल्या खुर्च्या सरकतात तेव्हा बाळ उठतं.’ ‘तुम्ही फार आवाज करता’ याला कोणाकडेच उत्तर नसतं.

भिंतीला ओल आली आहे. ती वरच्या घरातून येते की इमारतीच्या पाइपातून, हे कसं ओळखायचं?

प्लंबर बोलवण्याआधी चार दिवस नोंद ठेवा. वरचे लोक गावाला गेले तरी ओल वाढतेच आहे, तर पाणी आणणाऱ्या, दाबाखालच्या पाइपात गळती असण्याची शक्यता जास्त. फक्त त्यांच्या आंघोळीच्या वेळेनंतर वाढत असेल तर सांडपाण्याचा पाइप किंवा फरशीच्या फटी बघा. फक्त पावसानंतर वाढत असेल तर बाहेरची भिंत किंवा गच्ची. शंका उरली तर वरच्या बाथरूमच्या जाळीत खाण्याचा रंग मिसळलेलं पाणी ओता आणि खाली रंग उतरतो का पाहा. आपल्या घरात गळती आहे का हे बघायला सगळे नळ बंद करून मीटर पाहावा. काटा फिरत असेल तर पाणी कुठेतरी जातंय. सेकंदाला एक थेंब गळणारा नळही दिवसाला साधारण २० लिटर पाणी घालवतो.

खर्च कोणाचा हा वाद कारण कळल्यावर घाला. आधी घातला की कारण शोधायलाच कोणी दार उघडत नाही.

चुकीच्या जागी गाडी लावणाऱ्यांना दंड ठेवावा का?

विचार करून ठेवा. इस्रायलमधल्या हैफा शहरात काही पाळणाघरांत पालक मुलांना न्यायला उशीर करायचे. उरी ग्नीझी आणि आल्डो रुस्टिचिनी या अर्थशास्त्रज्ञांनी तिथे उशिरासाठी छोटा दंड लावून पाहिला. त्यांचा अहवाल २००० मध्ये प्रसिद्ध झाला. उशिरा येणारे वाढले, जवळपास दुप्पट झाले. आधी पालकांना बाईंना थांबवून ठेवल्याची लाज वाटायची, दंड आल्यावर ती थांबण्याची फी झाली. पुढे दंड रद्द केला तरी उशीर कमी झाला नाही. गेलेली लाज परत आली नाही.

मग करायचं काय? सामाईक कुरणं, जंगलं आणि पाणी लोक स्वतः कसं सांभाळतात, याचा अभ्यास एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनी आयुष्यभर केला. २००९ मध्ये त्यांना अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं, आणि तो मान मिळवणाऱ्या त्या पहिल्या स्त्री. ज्या गावांत व्यवस्था पिढ्यान् पिढ्या टिकली, तिथे त्यांना काही गोष्टी पुन्हा पुन्हा दिसल्या. नियम पाळणाऱ्यांनाच नियम करण्यात वाटा होता. लक्ष ठेवणारा माणूस त्यांच्यातलाच किंवा त्यांना उत्तर देणारा होता. शिक्षा पायरीपायरीनं वाढत होती आणि पहिली पायरी अगदी हलकी असायची. तंटा मिटवायची जागा जवळ आणि स्वस्त होती.

इमारतीत याचा अर्थ असा: पहिल्यांदा चूक झाली तर कमिटीतल्या कोणी समक्ष भेटून सांगायचं, फोटो काढून ग्रुपवर टाकायचा नाही. दुसऱ्यांदा लेखी. तिसऱ्यांदा दंड, आणि तो चुटकीसरशी भरून मोकळं होण्याइतका छोटा नको. कमिटीच्या सभासदाची गाडी चुकीच्या जागी असेल तर पहिली चिठ्ठी तिलाच लावा, ही इमारतीतल्या प्रत्येकाला दिसते.

सभेला चार माणसं येतात आणि नंतर चाळीस जण तक्रार करतात.

सभेची वेळ, शेवटची वेळ आणि तीन विषय आधी लिहून कळवा. विषय ‘स्वच्छता’ असा नको, ‘जिना आठवड्यातून दोनदा धुवायचा की तीनदा’ असा हवा. शेवटच्या वेळेला सभा खरंच संपवा, म्हणजे पुढच्या वेळी लोक येतील. प्रत्येक ठरावापुढे एका माणसाचं नाव आणि तारीख लिहा. ‘सगळ्यांनी लक्ष ठेवावं’ हा ठराव झाला, तर लक्ष ठेवायला कोणीच नाही असं समजावं.

व्हॉट्सॲप ग्रुपवर रोज भांडणं होतात.

दोन ग्रुप करा. एकावर फक्त पाणी, लिफ्ट, दुरुस्तीच्या सूचना आणि लिहायची परवानगी फक्त कमिटीला. दुसऱ्यावर शुभेच्छा, फोटो आणि हवं ते. कोणाचंही नाव घेऊन तक्रार दोन्हींवर नाही.

शेजारच्या घरातून मारहाणीचे आवाज येतात. मध्ये पडावं का?

‘एवढे लोक ऐकतायत, कोणीतरी गेलं असेल’ हा विचार आधी झटका, कारण तो प्रत्येकाच्या मनात एकाच वेळी येतो. जॉन डार्ली आणि बिब लाताने या मानसशास्त्रज्ञांनी १९६८ मध्ये एक प्रयोग केला. माणसाला फिट आल्याचा आवाज ऐकवला. आपण एकटेच ऐकतोय असं वाटणाऱ्यांपैकी ८५ टक्के लोक तो आवाज थांबायच्या आत मदतीला उठले. आणखी चौघं ऐकतायत असं वाटणाऱ्यांपैकी फक्त ३१ टक्के.

मारहाण चालू असेल तर पोलिसांच्या आपत्कालीन क्रमांकावर फोन करा. घर क्रमांक, मजला आणि काय ऐकू येतंय एवढं सांगा. दोघं-तिघं मिळून दार वाजवलं आणि ‘तुमच्याकडे पाणी येतंय का?’ इतकंच विचारलं तरी हात थांबतो, आणि बाहेर माणसं आहेत हे आतल्यांना कळतं. एकट्यानं आत घुसू नका, मारणाऱ्याला दारातच जाब विचारू नका. त्याचा राग तुम्ही गेल्यावर मार खाणाऱ्या बाईवर निघतो. नंतर ती एकटी भेटेल तेव्हा ‘तू सोडून का देत नाहीस?’ असं विचारू नये. ‘रात्री कधीही बेल वाजव, दार उघडीन’ असं सांगावं आणि खरंच उघडावं. मेसेज पाठवू नका, तिचा फोन दुसरं कोणी बघत असेल. मूल मार खात असेल तर बालकांसाठीच्या हेल्पलाइनला कळवा, त्याच्या आईवडिलांच्या परवानगीची वाट पाहू नका.

जिन्यात गाड्या, कपाटं, चपलांचे स्टँड ठेवलेत. खरंच इतकं वाईट आहे का?

हो. आग लागली तर लिफ्ट वापरायची नाही, म्हणजे जिना हीच एक वाट उरते, आणि ती धुरात आंधळ्यासारखी चाचपत उतरायची असते. विजेवर चालणारी सायकल किंवा स्कूटर जिन्यात चार्ज करणं तर अजिबात नको. लिथियम बॅटरी पेटली की आग झपाट्यानं वाढते, धूर विषारी असतो, आणि ती नेमकी बाहेर पडायच्या वाटेवर असते. फुगलेली किंवा आपटलेली बॅटरी चार्ज करू नये, चार्जर तिच्याबरोबर आलेलाच वापरावा. घरात आग लागून बाहेर पडाल तेव्हा मागे दार ओढून घ्या, कुलूप लावू नका. बंद दार धूर आणि आग बराच वेळ अडवून धरतं.

जिना आणि सामाईक संडास धुणाऱ्यांनाही एक गोष्ट नीट सांगा: ब्लीच आणि ॲसिड कधीच एकत्र करायचं नाही, त्यातून क्लोरीन वायू निघतो. ब्लीच आणि अमोनियाही नाही. बाटल्यांवर मोठ्या अक्षरांत नावं लिहा, आणि रिकाम्या पाण्याच्या बाटलीत ही द्रव्यं भरून ठेवू नका.

नव्यानं राहायला आलेल्या कुटुंबाला काय सांगावं?

पाण्याची वेळ, कचऱ्याची वेळ, मुख्य व्हॉल्व्ह कुठे आहे आणि लिफ्ट अडकली तर कोणाला फोन करायचा. एका चिठ्ठीवर मावतं. बाकीचं ते जिन्यात भेटत जातील तसं कळेल.